मेजर गिल आणि जळालेली चित्रे



प्रत्येकाने आपापल्या कामधंद्याविषयी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने कळवले. माझा धंदा चित्रे स्कॅन करून त्यांच्या हुबेहूब प्रती छापून देण्याचा. मशीन कोणते आणि शाई कोणती हे वाचायला तुम्ही कंटाळाल. त्यापेक्षा या धंद्यात मी ज्याला आमचा पूर्वज मानतो, त्या माणसाचे चरित्र सांगतो. त्याच्याकडे स्कॅनर नव्हता, छापखानाही नव्हता. पण दुसऱ्याने काढलेले चित्र जसेच्या तसे दूरच्या माणसापर्यंत पोहोचवायचे, हे काम त्याने जवळजवळ वीस वर्षे केले. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल.

तुमच्यापैकी बहुतेकांना तो पारोचा साहेब म्हणून माहीत असेल. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ आपल्यातल्या कितीतरी जणांनी वाचले आहे, २०१२ साली सिनेमाही आला. प्रेमकथा सुंदर आहे, मला तिच्याविषयी तक्रार नाही. फक्त तिच्या गर्दीत गिलचे काम मागे पडले, असे मला वाटते. म्हणून इथे कामापासून सुरुवात करतो.

त्याआधी एक गोष्ट आपल्या वाशीमची. इतिहासाच्या तासाला वत्सगुल्म हे नाव आपण घोकले होते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणजे वत्सगुल्म, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. १९३९ साली वाशीममध्येच विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला आणि या शाखेची ओळख पक्की झाली. याच घराण्यातला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता. अजिंठ्याचे सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करवले, तसा लेख तिथल्या भिंतीवर आहे. सतरावे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिकाने करवले. म्हणजे जी चित्रे पाहायला जगभरातून माणसे येतात, त्यांतली कितीतरी वाशीमच्या राजाच्या अमलातली आहेत. सहलीला एसटीतून आपण तिथे गेलो होतो. तेव्हा आपल्याला माकडांचे जास्त कौतुक होते, हे कबूल करायला आता हरकत नसावी.

पुढे ही लेणी झाडीत हरवली. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना ती ठाऊक असणारच, पण बाहेरच्या जगाला नव्हती. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास पलटणीतला अधिकारी शिकारीला गेला असताना त्याला दहावे लेणे दिसले. त्याने तिथल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्यानंतर हौशी साहेब लोक येऊ लागले, आणि त्यांतल्या काहींनी आठवण म्हणून चित्रांचे पोपडेच सोलून नेले. जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा अभ्यासक १८३९ मध्ये लेणी पाहून गेला होता. त्याने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्या, असा आग्रह धरला. सोसायटीने कंपनी सरकारला गळ घातली. कंपनीने होकार दिला, आणि १८४४ मध्ये या कामासाठी मद्रास सैन्यातल्या कॅप्टन गिलची नेमणूक झाली.

गिलचा जन्म १८०४ चा, लंडनचा. विशीच्या आसपास तो कंपनीच्या फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आला. नेमणूक झाली तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. लग्न झालेले होते, मुलेबाळे होती. चित्रकलेचा हात चांगला होता. तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहू लागला. गावापासून लेण्यांपर्यंत दहा-बारा किलोमीटरची वाट. मुलूख निजामाचा, पगार कंपनीचा, आणि भोवती वाघ, आग्यामोहोळे व हिवताप. तो नेमबाज शिकारी होता. त्याने दीडशेच्या वर वाघ मारले असे सांगतात. आज हे वाचून अंगावर काटा येतो, त्या काळी ते मर्दुमकीचे समजले जाई.

आता कामाकडे येतो. मूळ चित्र आणि त्याची प्रत यांत अडचणी कुठे येतात, हे मला रोजच्या धंद्यातून ठाऊक आहे. म्हणून गिलपुढे काय वाढून ठेवले होते, याची मला थोडीफार कल्पना करता येते.

पहिली अडचण उजेडाची. माझ्याकडे एखादे तैलचित्र आले की दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात दिवे लावतो, म्हणजे चकाकी येत नाही आणि उजेड सगळीकडे सारखा पडतो. लेण्यातल्या आतल्या भिंतीवर थेट ऊन पोहोचतच नाही. जो उजेड आत येतो तो दारातून, आणि दर तासाला बदलतो. सकाळी जो रंग पाहून मिसळला, तो दुपारी चुकीचा वाटणार. शिवाय शेकडो वर्षांची काजळी आणि वटवाघळांची घाण चित्रांवर बसलेली.

दुसरी अडचण रंगाच्या जातीची. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. मातीत भाताचे तूस आणि गवत मिसळून भिंत लिंपली, वर चुन्याचा पातळ हात दिला, आणि कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात घोटलेले रंग लावले. गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी हे रंग इथलेच. निळा मात्र लाजवर्दाचा, तो दगड थेट अफगाणिस्तानच्या बाजूने आणलेला. या रंगांना चकाकी नाही, ते भिंतीत मुरल्यासारखे दिसतात. गिल काम करत होता कॅनव्हासवर, तैलरंगात. तेल चमकते आणि रंग गडद करते. कोरड्या मातीचा गेरू तेलात दाखवायचा, हे काम आजही नवशिक्याच्या हाती द्यायची माझी हिंमत होणार नाही. आम्ही निदान चकाकी नसलेला सुती कागद निवडतो, चित्राशेजारी रंगपट्टी ठेवून स्कॅन करतो, आणि प्रूफ मूळ चित्राशेजारी धरून तीन-तीनदा दुरुस्त करतो. त्याच्याजवळ रंगपट्टी म्हणजे त्याचे डोळे.

तिसरी अडचण पडलेल्या भागांची. जिथे गिलावा गळला आहे तिथे काय करायचे? रिकामे सोडायचे की आपल्या मनाने पुरे करायचे? आमच्याकडे येणारा गिऱ्हाईक दर वेळी म्हणतो, तेवढे भरून टाका. प्रामाणिक कारागीर तिथे हात आखडतो.

तो हळू काम करायचा. मोठमोठे कॅनव्हास रंगवायचे, गुंडाळायचे, किनाऱ्यापर्यंत न्यायचे आणि जहाजाने लंडनला पाठवायचे. १८४७ पासून चित्रे तिकडे पोहोचू लागली, आणि हे काम १८६३ पर्यंत चालू होते. सगळी मिळून तीसच्या आसपास चित्रे झाली. सुमारे अठरा वर्षांत तीस! ज्यांनी त्या भिंती पाहिल्या आहेत त्यांना हा आकडा लहान वाटणार नाही.

याच वर्षांत पारो त्याच्या आयुष्यात आली. तिच्याविषयी लोककथा पुष्कळ आहेत. दगडावर कोरलेली गोष्ट एकच, अजिंठा गावातली तिची कबर. तिचा मृत्यू २३ मे १८५६ चा, आणि कबरीवर नाव घालून तो दगड बसवणारा गिल. एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्या काळी हे उघडपणे करावे, एवढेच मला पुरेसे वाटते. बाकीचे कवींवर सोपवतो.

त्याच सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची, अशी ती पद्धत. त्याने दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा वापरला. खास चष्म्यातून पाहिले की लेणे उठावदार दिसायचे. १८६४ मध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तके लंडनला निघाली, मजकूर फर्ग्युसनचा. त्यांतल्या कोरीव लेण्यांवरच्या पुस्तकात ७४ फोटो आहेत. पुस्तकात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक प्रतीत खरे फोटो हाताने चिकटवायचे. पुढे त्याने आपल्या शेजारच्या लोणारच्या देवळांचेही फोटो घेतले.

मग कॅमेरा होता तर रंगवत कशाला बसला, असे कोणी विचारेल. याचे उत्तर त्या ओल्या काचेत आहे. तिला निळा उजेड दिसे, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसत नसे. अजिंठ्याच्या भिंतीवर निम्मा कारभार गेरूचा आणि पिवळ्या मातीचा. फोटोत तो सगळा काळाठिक्कर पडणार. दगडाचे खांब टिपायला कॅमेरा चांगला होता, चित्रांसाठी कुंचल्याला पर्याय नव्हता.

लंडनला गेलेली चित्रे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनाला टांगलेली होती. हा काचेचा प्रचंड महाल. ३० डिसेंबर १८६६ ला त्याच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि गिलची चित्रे जळून गेली. जी चार-पाच त्या वेळी तिथे नव्हती, तेवढीच वाचली.

मला इथे खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच कारणाने. चित्रे लंडनला पोहोचायला लागून एकोणीस वर्षे झाली होती. लंडनमध्ये त्या काळी दगडावरून रंगीत छपाई उत्तम होत होती. एकेका रंगासाठी एकेक दगड घासून, त्यावर चिकट शाईने रेखाटून, दहा-बारा दगडांवरून एक कागद नेमका जुळवून काढायचा, ही कला तिथे मुरलेली होती. पैसा कंपनीजवळ होता. तरीही गिलची चित्रे रंगात कोणी छापली नाहीत. १८५६ मध्ये श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकात काही भागांची लहान लाकडी ठशांची चित्रे आली. तळहाताएवढी, एकरंगी. बाकीचे कॅनव्हास ज्या एका भिंतीवर टांगले होते, तिच्याबरोबर गेले.

आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच आहे. स्कॅन झाल्यावर मोठी फाइल दोन वेगळ्या गावी ठेवायची. एक दुकानात, दुसरी दुकानापासून दूर. या स्मरणिकेसाठी तुम्ही पाठवलेले ग्रुप फोटो आणि चित्रकलेच्या सरांनी वर्षानुवर्षे फळ्यावर टांगलेले तक्ते मीच स्कॅन केले. त्यांची एक प्रत शाळेच्या कपाटात आणि दुसरी माझ्याकडे आहे. सरांचे तक्ते वाळवी लागायच्या बेतात होते, तेवढे मात्र सांगून ठेवतो.

गिलनंतर जे झाले ते वाचून कोणालाही वाटेल की या चित्रांना शापच होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती करायला घेतल्या. १८८५ पर्यंत तीनशेच्या आसपास झाल्या. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आग लागून त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. पण ग्रिफिथ्स शहाणा, त्याने उरलेल्या चित्रांवरून १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ छापून घेतले. छापून निघाली म्हणून ती आज आपल्याला पाहता येतात. पुढे जपानी चित्रकारांनी भिंतींचे ठसे आणि रेखाटने नेली, ती १९२३ च्या तोक्योच्या भूकंपात गेली. निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून चार भागांत ग्रंथ काढले. त्यांत फोटोवरून केलेली रंगीत छपाई आहे. कॅमेऱ्याला लाल दिसू लागला होता.

गिलच्या बाजूने एवढे लिहिल्यावर एक गोष्ट लपवणे बरे नाही. प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर वॉर्निश फासले गेले. बोट गिलकडेही दाखवले जाते आणि ग्रिफिथ्सकडेही. ते वॉर्निश पुढे पिवळे पडले, तडकले, आणि खालचा रंग ओढू लागले. ते उतरवण्यात पुढच्या पिढ्यांची कितीतरी वर्षे गेली. प्रत करणाऱ्याने मूळ चित्राला हात लावू नये, हे आमच्याकडे पोऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

आगीनंतर गिल बारा वर्षे जगला. मायदेशी परतला नाही. याच मुलखात राहिला, फोटो घेत राहिला. १८७९ च्या एप्रिलमध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे नेत असताना तो वारला. वय चौऱ्याहत्तर. भुसावळच्या जुन्या गोऱ्या लोकांच्या कब्रस्तानात त्याची कबर आहे. वाचलेली चार-पाच चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. आपल्या बॅचचे दोघे-तिघे रेल्वेत आहेत आणि बाकीचे आपण मुंबईला जाता-येता भुसावळवरून जातोच. गाडीला उशीर असला तर स्टेशनबाहेर पडून कोणालाही मेजर साहेबाची कबर विचारा.