आर्थर होम्स

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विहीर खणताना पुष्कळ ठिकाणी काळा पाषाण लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो तापलेल्या लाव्हारसाच्या रूपाने जमिनीतून वर आला व थिजला. पृथ्वीच्या पोटातील उष्णता वर कशी येते, हे ज्यांनी सुचवले त्या आर्थर होम्स यांची ही हकिकत आहे.

होम्स यांचा जन्म १४ जानेवारी १८९० रोजी उत्तर इंग्लंडमध्ये झाला. लंडनमध्ये शिकताना शिष्यवृत्ती पुरेना, म्हणून १९११ साली ते खनिजे शोधण्यासाठी आफ्रिकेतील मोझांबिकला गेले. तेथे मलेरियाने ते मरता मरता वाचले. १९२० साली ते ब्रह्मदेशात एका तेल कंपनीच्या नोकरीवर गेले. कंपनी बुडाली. त्यांचा लहान मुलगा हगवणीने तेथेच वारला. होम्स रिकाम्या हातांनी मायदेशी परतले. अखेर १९२४ साली डरहॅम येथे त्यांना भूगर्भशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले.

त्या काळी जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर म्हणत, की खंडे सरकतात. पण ती कशामुळे सरकतात, हे त्यांना नीट सांगता येत नव्हते. होम्स युरेनियमवरून खडकांचे वय काढत असत. अशी द्रव्ये खडकात सतत थोडी थोडी उष्णता सोडतात, हे त्यांना ठाऊक होते. ही उष्णता जाते कोठे?

भूकवचाखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे. होम्स यांनी असे मांडले, की तेथील खडक तापला म्हणजे फुगतो, हलका होतो व वर चढतो. वर पसरून थंड झाला, की जड होऊन पुन्हा खाली जातो. पातेल्यात डाळ शिजताना असेच होते. मात्र प्रावरण डाळीसारखे पातळ नाही, घट्ट आहे. तेथील खडक वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतो, आपली नखे वाढतात तेवढा. पण कोट्यवधी वर्षांत खंड हलवायला तेवढे पुरते.

हा निबंध १९३१ साली छापून आला. घट्ट खडक वाहतो, हे पुष्कळांना पटले नाही. आपल्याजवळ पुरावा नाही, हे होम्स स्वतःच कबूल करत. मला त्यांचा हा गुण फार आवडतो. तरीही १९४४ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी तो विचार पुन्हा मांडला.

पुढे समुद्राच्या तळाची पाहणी झाली आणि तळ सरकतो असे दिसू लागले. २० सप्टेंबर १९६५ रोजी होम्स वारले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहुतेक शास्त्रज्ञांनी खंडांचे सरकणे मान्य केले.

आपला भारतही सरकत सरकत उत्तरेकडे आला आहे. ज्या तापलेल्या जागेवरून आपला काळा पाषाण वर आला, ती आता हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. तेथील ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो.