दुष्काळ सरला, लेकरे उरली : पंडिता रमाबाईंचे मुक्तिकार्य

पंडिता रमाबाईंचे नाव घेताच त्यांची विद्वत्ता, त्यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य आणि मूळ भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर आपल्याला आठवते. दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी त्यांनी निधी कसा उभारला आणि कशासाठी उभारला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आजही तो विचार करण्याजोगा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने लेकीला. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई पडली, तेव्हा जवळचे होते नव्हते ते संपले. मोलमजुरी ठाऊक नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा स्थितीत अकरा दिवस त्यांनी रानातील पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी भटकत राहिले. झेलमच्या काठी थंडीपासून जीव वाचविण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे करून त्यांत रात्री काढल्या. उपाशी मूल म्हणजे काय, हे या बाईंना कोणी सांगावे लागले नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही पदे दिली. पुढे बंधू गेला, आणि विवाहानंतर अवघ्या दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी हेही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला पोहोचल्या. तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ पासून त्यांनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन, इंग्रजीत ग्रंथ लिहून हिंदी बालविधवांची स्थिती मांडली. १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिने दहा वर्षे साह्य करण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले.

दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न रमाबाईंनी मुदत संपण्याची वाट न पाहता सोडवावयास घेतला. पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे जमीन घेऊन त्यांनी फळझाडे लावली. संस्थेने पुढे आपल्या उत्पन्नावर चालावे, हा त्यामागील हेतू होता.

ती झाडे मोठी होतात न होतात तोच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हाल ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या आणि दुर्जनांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या. शारदा सदनासाठी आलेला पैसा बालविधवांच्या शिक्षणाकरिता होता. या नव्या मुलींसाठी कोणीही वचन दिलेले नव्हते. तरीही त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. अनाथांचा पोशिंदा असलेला देव हिंदुस्थानातही तसाच विश्वासू आहे, या श्रद्धेने त्यांनी हे पाऊल टाकले. त्यातच पुण्यात प्लेग पसरला आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावच्या त्या मळ्यात झोपड्या उभ्या राहिल्या. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन लेकरांचे घर झाली. हेच मुक्ती सदन.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. मुदत संपलेल्या असोसिएशनची नव्याने घडण झाली. परतल्यावर थोड्याच काळात गुजरातेत दुष्काळ पडला. या वेळी मुक्तीत वाढलेल्या स्त्रियाही मुलींना आणावयास निघाल्या. १९०० मध्ये तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली.

रमाबाईंच्या दूरदृष्टीचे मर्म इथे आहे. दुष्काळ एका चांगल्या पावसाने सरतो; मदतीचा ओघही त्याबरोबर आटतो. पण आठ वर्षांच्या पोरक्या मुलीला त्यानंतरही दहा वर्षे अन्न, वस्त्र, विद्या आणि माया लागते. म्हणून त्यांनी केवळ अन्नछत्र घातले नाही. विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, शेती आणि छापखाना सुरू केला. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. मुक्तीतील मुलींनी खिळे जुळविले आणि त्याच छापखान्यात रमाबाईंचे बायबल छापले गेले. देणगीवर जगलेल्या हातांनी मंडळीला वचनाचे दान दिले.

१९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९९३ चा किल्लारीचा भूकंप असो वा २००४ ची त्सुनामी, आपल्या मंडळ्यांनी अर्पणे गोळा केली, हे योग्यच झाले. पुढल्या वेळी अशी पेटी फिरेल तेव्हा त्या रविवारच्या नाण्यांबरोबर आणखी एक निश्चय तीत पडावा : एखाद्या लेकराचा भार ते आपल्या पायांवर उभे राहीपर्यंत वर्षानुवर्षे वाहण्याचा. रमाबाईंच्या स्मृतीस याहून उचित अर्पण दुसरे नसेल.