सलग ११ वर्षे मुख्यमंत्री! १ जुलैचा कृषिदिन ज्यांच्या नावाने, ते वसंतराव नाईक कोण होते?

अमेरिकेत राज्याचा कारभार गव्हर्नर चालवतो आणि त्याला लोक थेट मत देतात. आपल्याकडे राज्यपाल वेगळा, कारभारी वेगळा. महाराष्ट्राच्या या कारभाऱ्यांमध्ये सर्वाधिक काळ टिकले ते वसंतराव नाईक. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, सलग ११ वर्षांहून जास्त!

तांड्यावरून मंत्रालयात

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली गावी, बंजारा कुटुंबात १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. नागपुरात शिकून ते वकील झाले. १९४१ मध्ये वत्सला घाटे या ब्राह्मण कुटुंबातील तरुणीशी त्यांनी लग्न केले. त्या काळी हे सोपे नव्हते. दोन्ही समाजांत खळबळ उडाली.

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशात आमदार व उपमंत्री. पुढे मुंबई राज्यात सहकार आणि कृषी खाती त्यांनी सांभाळली.

जिल्हा परिषदेशी काय संबंध?

महाराष्ट्र झाल्यावर ते महसूलमंत्री होते. सत्ता गावापर्यंत कशी न्यायची, हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्यावर होता, नाईक समितीने मात्र जिल्ह्याला बळ दिले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आजचे अनेक आमदार, मंत्री याच शाळेतून आले आहेत.

मारोतराव कन्नमवार यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि मुख्यमंत्रिपद नाईकांकडे आले.

दुष्काळाने घेतलेली परीक्षा

धान्यटंचाईच्या काळात त्यांनी मोठी पैज लावली. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही, तर मला फाशी द्या, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले. संकरित ज्वारीचा प्रसार झाला. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी येथे १९६८ ते १९७२ या काळात कृषी विद्यापीठे उभी राहिली.

पण १९७२ चा पाऊस दगा देऊन गेला. अमेरिकेची लाल ज्वारी, म्हणजे 'मिलो', आणि सुकडी यांवर गावे जगली. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मिलोची चव अजून आठवते! मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणे, बंधारे, रस्ते, अशी ती कामे.

याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. मागेल त्याला काम हा तिचा गाभा. त्यासाठी कायदा १९७७ मध्ये झाला, तेव्हा नाईक पदावर नव्हते. देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ उजाडले.

टीका कोणती झाली?

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेला त्यांच्या सरकारने मुंबईतील कम्युनिस्ट कामगार संघटनांविरुद्ध मोकळीक दिली, असा आरोप झाला. विरोधक तिला 'वसंतसेना' म्हणू लागले. १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजनाही वादात राहिली. शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून आधार मिळाला खरा, पण पुढे तिच्या तोट्याचा बोजा तिजोरीवर पडला.

१९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. नाईक १९७७ मध्ये वाशिममधून खासदार म्हणून निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाला आज वसंतरावांचे नाव आहे.