डॉ. कमला सोहोनी : हट्टाचे फळ

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, गाव खकनार. तरीही या शास्त्रज्ञ बाईंविषयी लिहावेसे वाटते. आमच्याच मध्यप्रदेशातील इंदूरला १९११ साली त्यांचा जन्म झाला.

मुंबईची पदवी घेऊन १९३३ साली कमलाबाईंनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. बाई हटल्या नाहीत; अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींत 'सायटोक्रोम सी' सापडले. १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या.

हे प्रथिन पेशीच्या तंतुकणिकेत इलेक्ट्रॉन पुढे पोचवते. शेवटी प्राणवायूचे पाणी होते. वाटेत इलेक्ट्रॉन निसटले तर प्राणवायूच घातक रूप घेतो. तंतुकणिकेतील विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. ते निस्तरायला शेजारच्या पेरॉक्सिसोममधील कॅटालेजही हातभार लावते. अशा सहकार्यावरच पेशी तगते.

१९९८ साली कमलाबाई निवर्तल्या. त्यांचे काम पाहून रामन यांनी इतर मुलींनाही प्रवेश दिला. आज आम्ही मुली प्रवेश-अर्ज निःशंकपणे भरतो, त्यामागे तो हट्ट आहे.