नोकरी गेली आणि घरट्यांचं गुपित सापडलं! डॉ. सलीम अलींची ही गोष्ट माहीत आहे का?

मंडळी, सुगरण म्हटलं की छान घरटं विणणारी पक्षीण डोळ्यांसमोर येते ना? पण विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारं ते घरटं विणतो नर! त्या घरट्यातला संसार कसा चालतो, हे जगाला उलगडून सांगितलं नोकरी गमावलेल्या एका मुंबईकराने. त्यांचं नाव डॉ. सलीम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत जन्मलेले सलीम नऊ भावंडांत धाकटे. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. मामांनी सांभाळ केला. लहानपणी एअरगनने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोहोचला. तिथे मिलार्ड साहेबांनी त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि आयुष्याची दिशा ठरली.

बेकारीतले सोनेरी दिवस

मुंबईच्या म्युझियममधल्या गाईड लेक्चररच्या नोकरीतून रजा घेऊन ते जर्मनीला पक्षिशास्त्र शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेलं! मग पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी अलिबागजवळच्या किहीम गावात मुक्काम हलवला. तिथे सुगरणींची वसाहत होती. रोज तासन् तास निरीक्षण सुरू झालं.

दिसलं ते असं: नर घरटं अर्धवट विणतो. मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर ती राहते आणि मग नर ते पूर्ण करतो. तिने अंडी घातली की हा पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं बांधायला घेतो! हे काम प्रसिद्ध झालं आणि त्यांचं नाव झालं.

चिखलातलं शहर

१९४५ मध्ये ते कच्छच्या मोठ्या रणात पोहोचले, फ्लेमिंगोंची वीण पाहायला. हे पक्षी उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाचे छोटे बुरूज रचतात आणि त्यावर सहसा एकच अंडं घालतात. पाणी वाढलं तर घरटी बुडतात; आटलं तर शिकारी प्राणी चालत येतात. सलीम अलींचा अंदाज होता एक लाखाहून जास्त घरटी आणि पाच लाखांच्या आसपास पक्षी!

भरतपूरचा धडा

राजस्थानातलं भरतपूर म्हणजे संस्थानी शिकारीचं तळं. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग बघा, त्या दिवशी सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता! पावसाळ्यात इथल्याच बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे घरटी करतात. हे तळं वाचावं म्हणून स्वातंत्र्यानंतर सलीम अलींनी आपलं वजन वापरलं. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झालं.

पण एक अंदाज चुकला. म्हशी चारण्यावर बंदी हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये बंदी आली, गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींचा जीव गेला. पुढे त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासात दिसलं की म्हशी नसल्याने गवत माजून पाणी झाकलं जातंय आणि त्याचा फटका पाणपक्ष्यांनाच बसतोय. एवढा मोठा माणूसही चुकला आणि ते कळलं पुन्हा वर्षानुवर्षं केलेल्या निरीक्षणातूनच.

पद्मविभूषण मिळालेले सलीम अली १९८७ मध्ये गेले. आज त्यांचा आणि मारुती चितमपल्ली यांचा वाढदिवस जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो.

घरटी बघायला किहीमलाच जायला हवं असं नाही. वर्ध्यात पवनारला धाम नदीकाठी किंवा बोर धरणाकडे गेलात आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर जागीच थांबा. तिची मातकट, ठिपकेदार अंडी उघड्या जमिनीवरच असतात, कदाचित तुमच्या पुढच्या पावलाखाली. हळूच मागे फिरा, लांबूनच बघा आणि घरट्याचं लोकेशन मात्र शेअर करू नका!