चांदबीबी

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याची चांदबीबी आमच्या विद्यार्थ्यांस तटावरील लढाईपुरतीच ठाऊक असते. ही हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची राणी; १५८० सालीं ती विधवा झाली. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादानें किल्ल्यास वेढा दिला. सुरुंगानें तट फुटतांच ती तलवार घेऊन खिंडारांत उभी राहिली व तें रातोरात बुजविलें. १५९६ च्या तहांत वऱ्हाड देऊन तिनें बालराजा बहादूर याची गादी राखिली.

खरी कसोटी पुढेंच होती. वेढ्यांत सर्वांचा शत्रु एक होता. तह होतांच सरदारांस आपापले पक्ष आठवले. १६०० सालीं शहाजादा दानियाल चालून आला, तेव्हां शिबंदीचे प्राण व बालराजा वांचत असल्यास किल्ला द्यावा, हा विचार तिनें हमीदखानास सांगितला. त्यानें रस्त्यांत धांवत जाऊन राणी फितूर झाल्याची हाकाटी केली. खवळलेल्या जमावानें महालांत शिरून तिला ठार केलें. हा विचार तिनें शिपायांपुढें स्वतः मांडावयास हवा होता, असें आम्हांस वाटतें. पण त्या वेळीं ऐकतें कोण? थोड्याच दिवसांत किल्ला पडला. ज्या शिबंदीस ती वांचवूं पाहात होती, तिची कत्तल झाली आणि बहादूर ग्वाल्हेरच्या बंदिवासांत गेला.