केरुनाना छत्रे : मराठीतून विज्ञान सांगणारे गुरुजी

भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी एका थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली. बऱ्याच जणांनी लोकमान्य टिळक घेतले. मी टिळकांचे गणिताचे गुरुजी घेतले. त्यांचे नाव केरुनाना छत्रे.

त्यांचे खरे नाव विनायक लक्ष्मण छत्रे. पण सगळे त्यांना केरुनानाच म्हणत. त्यांचा जन्म १६ मे रोजी अलिबागजवळ नागाव या गावी झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. मग चुलत्यांनी त्यांना मुंबईला नेले. तिथे ते एल्फिन्स्टनच्या शाळेत शिकले. गणितात ते फार हुशार होते.

१८४० साली त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी लागली. तेव्हा त्यांचे वय फारच लहान होते! वेधशाळेत हवा, पाऊस, वारा यांची रोज मोजणी करून वहीत लिहून ठेवतात. हे काम त्यांनी सुमारे १० वर्षे केले. मला तर पाढे लिहायचासुद्धा कंटाळा येतो.

त्या काळी विज्ञानाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत असत. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने काय करायचे? मुंबईला १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले. त्याच्या मराठी शाखेला ज्ञानप्रसारक सभा म्हणत. तिथे मराठीत निबंध वाचायचे नि लोकांनी ऐकायचे. १८५० पासून त्यांचे मासिकही निघू लागले. या विद्यार्थ्यांनीच १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या. मी मुलगी आहे, म्हणून मला हे वाचून फार आनंद झाला.

या सभेत केरुनानांनी हवा, कालज्ञान आणि भरती-ओहोटी या विषयांवर निबंध वाचले. त्याच सुमाराला तिकडे लंडनला मायकेल फॅरेडे नावाचे शास्त्रज्ञ नाताळात मुलांना विज्ञान समजावून सांगत होते. म्हणजे बघा, दोन्हीकडे एकच काम चालले होते.

भरती-ओहोटी आपल्याला काही नवीन नाही. आपल्या खाडीचे पाणी ठाण्यापासून कल्याणपर्यंत चढते नि उतरते. आमचे आजोबा जाळे घेऊन खाडीवर जातात. ते तिथी विचारून पाण्याची वेळ सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं नि अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं, हे त्यांना पाठ आहे. पण असं का होतं, ते मला गुरुजींनी सांगितलं. चंद्र समुद्राचे पाणी ओढतो. सूर्यही ओढतो, पण कमी. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, म्हणून दोघांची ओढ एकत्र होते. अष्टमीला ती आडवी-उभी होते, म्हणून पाणी थोडेच चढते. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. हे मी आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले की उशीर होतो हे त्यांना ठाऊक होतं, पण कारण आजच कळलं.

१८५१ साली केरुनाना पुण्याला शिकवायला गेले. त्यांनी शाळेच्या मुलांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली. १८६० साली त्यांचे ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक निघाले. जुन्या पंचांगाचे गणित शेकडो वर्षांपूर्वीचे होते. त्यातला लहानसा फरक साचत साचत मोठा झाला होता. त्यामुळे ग्रह पंचांगात एका जागी नि आकाशात दुसऱ्या जागी दिसत. म्हणून १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने केरुनानांनी नवे पंचांग छापले. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणतात. फार थोड्या लोकांनी ते घेतले, कारण सणांचे दिवस बदलतील असे लोकांना वाटे. तरी केरुनानांनी आपले गणित सोडले नाही. आकाशात जे दिसते तेच खरे मानायचे, असा त्यांचा बाणा होता. पुढे त्यांचे विद्यार्थी टिळक यांनीही हा विषय उचलून धरला.

१९ मार्च १८८४ रोजी केरुनाना वारले.

त्यांचे काम मात्र बंद पडले नाही. १९६६ साली मुंबईला मराठी विज्ञान परिषद निघाली. तिची व्याख्याने ठाण्याकडेही होतात. कोणीही जावे, ऐकावे नि शंका विचारावी. माझी मावशी डोंबिवलीला राहते. ती मला अशा एका व्याख्यानाला घेऊन गेली होती. तिथे म्हातारी माणसेसुद्धा हात वर करून विचारत होती. कोणी कुणाला हसले नाही.

आमच्या गावात काही जण म्हणतात की मुलींनी फार विचारू नये. पण विचारले नाही तर कळणार कसे? पालकांनो, तुम्ही हे भित्तिपत्रक बघायला आलाच आहात, तर एक विनंती आहे. महिन्यातून एकदा संध्याकाळी देवळाच्या पारावर आपण सगळे बसू या. कोणी खाडीचे सांगेल, कोणी पिकावरच्या किडीचे सांगेल, गुरुजी आकाशातले तारे दाखवतील. आमचे आजोबा यायला तयार आहेत. मुलींनाही येऊ द्या.

अशा या थोर केरुनानांना माझा नमस्कार.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी